खुराड्याला कुलूप

कस्तुराबाईच्या माहेरी कुणी कोंबडी पाळली नव्हती आणि सासरीही नाही. दोन्ही घरं माळकरी. शेजाऱ्याची कोंबडी चुकून अंगणात शिरली तर सासू काठी घेऊन धावायची आणि मागून शेणसडा टाकायची. त्याच अंगणात, निजामाच्या राज्यात, फसली तेराशे सत्तेचाळीसच्या दिवाळीनंतर एका दुपारी कस्तुराबाई डोक्यावर डालगं घेऊन आली. डालग्यात तीन कोंबड्या आणि एक कोंबडा.

नवरा चंद्रभान ओसरीवर सुंभ वळत बसला होता. त्याचा हात थांबला.

"हे काय आणलंस?"

"दिसंना का? कोंबड्या हायत."

"माझ्या गळ्यात माळ हाय, सारजाची माय."

"तुमच्या गळ्यात हाय ना? कोंबड्याच्या गळ्यात न्हाई ना? तुमाला कोण खा म्हणायलंय!"

चंद्रभाननं पुन्हा सुंभ वळायला घेतलं. आत माजघरात सारजा झोपली होती, आणि तिच्यासाठी त्यानं माळसुद्धा तोडली असती.

सारजा त्यांची एकुलती एक. सोनपेठच्या बाजूला गंगेकाठी, म्हणजे गोदावरीकाठी, दिलेली. पहिलं पोर सातव्या महिन्यात गेलं. दुसरं दिवस भरून आलं, पण रडलंच नाही. आता तिसऱ्यांदा दिवस गेले होते, चौथा महिना लागला होता, आणि पोरगी उभी राहिली की भिंत धरत होती. तिला गाडीत घालून परभणीच्या दवाखान्यात नेलं. डाक्तरानं तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि म्हणाला, "हिच्या अंगात रक्त कुठंय? रोज एक अंडं द्या. बाळंत होईपर्यंत एक दिवस चुकवू नका. चुकवलं तर पुन्हा रडायला माझ्याकडं येऊ नका."

सांगणं सोपं असतं. सावरटेक हे बोरीपासून दोन कोसांवरचं गाव, शंभर उंबऱ्यांचं. कोंबड्या तिथं घरोघर होत्या, पण अंडं कुणाच्याच घरी नव्हतं. गावातल्या कोंबड्या मोकाट. कुणाच्या कुडात, कुणाच्या निवडुंगात, कुणाच्या पडक्या भिंतीत अंडी घालायच्या. निम्मी कावळ्यानं खावीत, निम्मी मुंगसानं. कस्तुराबाई आठ दिवस गावभर हिंडली आणि चार अंडी घेऊन आली, त्यातलं एक नासकं. तेव्हा तिनं ठरवलं, आपल्या कोंबड्या आणायच्या, आणि कोंडून ठेवायच्या. रोज एक अंडं, हिशेब संपला.

कोंबड्या तिला धुरपताबाईनं दिल्या, पायलीभर ज्वारीवर. धुरपताबाई धनगराची म्हातारी, गावाच्या कडेला एकटी राहणारी. तिच्या कोंबड्या रात्री घरामागच्या बाभळीवर चढून बसायच्या.

"कोंडू नको वं कस्तुरे," म्हातारी म्हणाली. "कोंबडीला झाड बरं. झाडावर दोन पायाचं मुंगूस चढत न्हाई."

"दोन पायाचं मुंगूस कधी आसतंय का मावशी? तुमचं आपलं कायबी."

म्हातारी हसली, तोंडात दात नसलेलं हसू. "माळकरणी, तुला काय म्हाईत. ने, ने. शिकशील."

कस्तुराबाईला वाटलं, म्हातारीला चळ लागलाय.

पहिल्याच रात्रीनं तिला शिकवायला सुरुवात केली. तिनं कोंबड्या डालग्याखाली कोंडल्या आणि वर जात्याची जुनी तळी ठेवली. डालगं बांबूचं, विणीत बोटभर फटी. सकाळी तळी जागच्या जागी, डालगं जागच्या जागी, आणि एका कोंबडीला मुंडकंच नाही. बोक्यानं फटीतून पंजा घातला, कोंबडीनं घाबरून त्याच फटीला मान लावली, आणि त्यानं ओढली. धड तसंच आत बसलेलं.

"तुझं देवानं ऐकलं न्हाई," चंद्रभान म्हणाला.

"देवाला बोक्याचं आधी ऐकू गेलं. तुराट्या आना जरा."

चंद्रभाननं तुराट्या आणल्या. माळकरी माणूस कोंबडीला हात लावणार नाही, पण तुराट्यांना लावायला हरकत काय! तुराट्यांचा कूड उभा करून कस्तुराबाईनं तो आतून बाहेरून शेणामातीनं लिंपला, वर छप्पर टाकलं, पुढं कवाडाला पाट लावला. चूल लिंपावी तसं लिंपलं. फट म्हणून ठेवली नाही. बायकांनी येऊन बघितलं, तोंडाला पदर लावून हसल्या. "कोंबडीचं लगीन हाय काय वं कस्तुराबाई? मांडव घातला म्हणून इचारतो."

बोका आला, हिंडून गेला. चौथ्या दिवशी भरदुपारी, सारजाला भाकर वाढताना, आतून नुसता फडफडाट ऐकू आला. धावत जाऊन पाट काढते तो एक मुंगूस तिच्या पायावरून निघून गेलं. कूड कुणीच फोडला नव्हता. मुंगसानं कुडाच्या बाहेरून जमीन उकरली होती आणि खालून वर आलं होतं. दोन कोंबड्या पडल्या होत्या, नरडीला दात. खाल्लं काहीच नाही. नुसतं मारून गेलं.

कस्तुराबाई तिथंच उकिडवी बसली. मारणाऱ्याला भूक असतेच असं नाही, हे तिला तेव्हा कळायला पाहिजे होतं. तिला फक्त एवढं कळलं की आपण भिंत घातली आणि जमीन विसरलो.

सारजा दाराला धरून उभी होती. "माय, राहू दे. माझ्या नशिबात आसंल तसं हुईल."

"नशिबाला पाया न्हाई घातला आजून मी. हो आत, वारं लागंल."

आणि तिनं पाया खणला. हातभर खोल, चारी बाजूंनी. ओढ्यातनं दगड आणले, डोक्यावर, एकटीनं, मार्गशीर्षाचा अख्खा महिना. चंद्रभान रब्बीच्या रानात गुंतलेला. सांजच्याला येऊन तो मोठे दगड लोटायचा. पायात दगड बसवून मधल्या सांदीत काचा आणि बाभळीचे काटे ठेचले. तळाला चपट्या दगडांची फरशी. भिंत कमरेइतकी, दगडमातीची. वर बाभळीच्या दांड्या, तुराट्या, मातीचा थर, आणि त्यावर बोरीच्या काटेरी फांद्यांचे फास. कवाडाला मोडक्या बैलगाडीची लाकडी साटी कापून घेतली.

मग वाऱ्याचं काय? पहिल्या कुडात फट नव्हती म्हणून आत वास कोंदला होता, कोंबडा घुरघुरायला लागला होता. वारा पाहिजे, पण वाऱ्याच्या वाटेनं पंजा नको. ह्यावर तिनं आठ दिवस डोकं घातलं. शेवटी चंद्रभान कापसाची गाडी घेऊन सेलूला गेला आणि तिथल्या एका जिनाच्या, सरकी काढायच्या कारखान्याच्या, उकिरड्यावरनं लोखंडी जाळीचा गंजका तुकडा उचलून आणला. कापूस चाळायची जाळी, भोकात बोट जाणार नाही अशी.

"हे काय आणलंत?" कस्तुराबाईनं मुद्दाम विचारलं.

"दिसंना का? जाळी हाय."

पहिल्यांदा ती दोघं हसली.

जाळी बसली, आणि धुरपताबाईकडनं नव्या कोंबड्या आल्या. खुराड्यापुढं दिवसा फिरायला म्हणून चार पावलांचं वाडगं, म्हणजे कुंपण, केलं, दगडाच्या बुडाचं, काटेरी. पण वाडगं वरून उघडं, आणि वर घार. तेव्हा जावयानं गंगेवरच्या भोयांकडनं मासळीचं जुनं जाळं पाठवलं. ते वाडग्यावर ताणलं. तरी घारीनं एकदा झडप घातलीच. जाळ्यात नख्या अडकून सुटून गेली, पण कोंबड्यांनी दोन दिवस अंडी घातली नाहीत. म्हणून कस्तुराबाईनं त्यांना शिकवलं. घार दिसली की पितळी ताटली दगडावर वाजवायची आणि खुराड्यात मूठभर कण्या टाकायच्या. पंधरा दिवसांत अशी सवय लागली की ताटली वाजो, कुत्रं भुंको, कुणी मोठ्यानं खोको, काही धडधड झाली की कोंबड्या शेपटी उचलून खुराड्यात पळायच्या.

शेवटचं राहिलं कवाड. नुसत्या कडीवर तिचा भरवसा नव्हता. ट्रंकेचं कुलूप काढून तिनं खुराड्याला लावलं आणि किल्ली पदराला बांधली.

"घराला कुलूप न्हाई," चंद्रभान म्हणाला, "अन् कोंबड्याला?"

"घरात काय हाय चोरायला?"

पौषापासून पाच कोंबड्या झाल्या. चार शहाण्या आणि एक काबरी. काबरी ठिपक्याठिपक्यांची, धुरपताबाईकडनंच आणलेली, पण जातीची उनाड. खुराड्यात शिरायचंच नाही. धरून कोंडली तर रात्रभर ओरडून बाकीच्यांना झोपू द्यायची नाही. तिची अंडी कुठल्या कुडात पडायची कुणाला ठाऊक. कस्तुराबाईनं तिला शिव्या दिल्या, दोनदा डालग्याखाली उपाशी ठेवली, शेवटी सोडून दिली. "हो तिकडं. मुंगसाच्या घशात जा."

बाकीच्या चौघींनी मात्र दिलेला शब्द पाळला. रोज दोन, कधी तीन अंडी. अंडी उकडायला अंगणाच्या कडेला तीन दगडांची वेगळी चूल, वेगळं मडकं. चंद्रभान त्या वेळी पाठ करून बसायचा. आणि रोज सकाळी कस्तुराबाई खुराड्याभोवती पसरलेल्या राखेवर वाकून माग बघायची. इथं बोका येऊन गेला. हे मुंगूस, पुढच्या पायानं उकरलंय, दगड लागला, परत गेलं. हा कोल्हा, लांबूनच. सगळे येऊन गेलेले, सगळे उपाशी परतलेले. तिला ती राख वाचताना जे वाटायचं, ते तिला आयुष्यात कशातच वाटलं नव्हतं. तिनं न शिकता, कुणी न सांगता, चुकून चुकून एक गोष्ट पक्की केली होती.

माघात सारजा भिंत न धरता चालायला लागली. फाल्गुन लागला तेव्हा तिच्या ओठांना रंग आला होता. आठवा महिना. पोटातलं पोर लाथा मारायचं, आणि ती आईचा हात ओढून पोटावर ठेवायची. "बघ माय, हे तिसरं दांडगं हाय."

आता गावाची एक रीत सांगायला पाहिजे.

सरकारी दौरा आला की अधिकाऱ्याला, त्याच्या जवानाला, त्याच्या घोड्याला गावानं खाऊ घालायचं. घोड्याला कडबा, साहेबाला कोंबडी. दाम विचारायचा नाही. ह्याला वेठ म्हणतात, आणि ज्यांनी वेठ केली नाही ते ह्या शब्दाचे अर्थ पुस्तकात शोधत बसतात. गावाचा येसकर सटवाजी. साहेबाच्या घोड्यापुढं धावत येऊन वर्दी द्यायची हे त्याचं जन्माचं काम. त्याच्या बापाचं होतं, पोराचंही होणार. वर्दी द्यायची चावडीवर. पण सटवाजी आधी मागच्या आळीनं यायचा, तोंडानं चकार शब्द न काढता, घुंगराची काठी भिंतींना घासत. खर्रऽऽ खर्रऽऽ. तो आवाज आला की बाया आपापल्या कोंबड्या हुसकायच्या. कोंबड्या ओढ्यात, निवडुंगात, रानात. घटकाभरात गावात पीस दिसत नसे. मग जवान दारोदार फिरायचा, आणि प्रत्येक दारात बाई कपाळावर हात मारून सांगायची, "मानमोडी आली सायब, मेल्या समद्या." शेवटी दोनचार म्हाताऱ्या कोंबड्या कुठनं तरी निघायच्या, तेवढ्यावर साहेब भागवायचा. म्हणून गावातल्या कोंबड्या मोकाट होत्या. अडाणीपणानं नाही.

कस्तुराबाईनं हा आवाज लग्न होऊन आल्यापासून ऐकला होता. पण माळकऱ्याच्या घराला त्याच्याशी काय घेणं? कडबा मागायला येतील तो चंद्रभान देईल. ती भाकरी थापत बसायची.

होळीला चार दिवस होते. सकाळची वेळ. कोंबड्या वाडग्यात कण्या टिपत होत्या, सारजा उन्हात बसून केस सोडवत होती. मागच्या आळीतनं आवाज आला. खर्रऽऽ. खर्रऽऽ.

कस्तुराबाईच्या हातातली परात खाली पडली.

तिनं वाडग्याचं काटेरी फाटक ओढून फेकून दिलं. "हुश्श! हुश्श! जा, जा बाहीर!" परातीचा आवाज, तिचं ओरडणं, काठीची खरखर. चारी कोंबड्या आणि कोंबडा शेपट्या उचलून सरळ खुराड्यात पळाले.

ती आत हात घालून एकीला ओढून बाहेर फेकायची, ती तिच्या पायातनं परत आत. दुसरीला फेकायची, तोवर पहिली आत. पक्की सवय. तिनंच लावलेली. पितळी ताटली वाजवून, कण्या टाकून, पंधरा दिवस खपून लावलेली.

सटवाजी कुडावरनं डोकावला. धापा टाकत होता. "माय, काय करायलीस? सोड की त्येन्ला!"

"जाईनात रं सटवाजी! जाईनात त्या!"

"मग मुंड्या मुरगाळ अन् कडब्यात टाक!"

तिनं एक कोंबडी धरली. मानेवर हात ठेवला. कोंबडी गरम, तिच्या बोटाखाली नस उडत होती. माळकऱ्याची लेक, माळकऱ्याची सून. आयुष्यात तिनं कशाची मान मुरगाळली नव्हती. हात चालला नाही. आणि ह्या मेल्या तर उद्याचं अंडं कुठनं? तिनं कोंबडी आत टाकली, कवाड लोटलं, आणि कुलूप लावलं. भ्यालेल्या माणसाला दुसरं काय सुचतं? जे येतं तेच तो करतो.

थोड्या वेळानं जवान आला, बरोबर पोलीसपाटील आबासाहेब. सगळ्या गावानं मानमोडी सांगितली होती, म्हणून जवान आधीच तापलेला. इथं तर दगडी खुराडं, जाळीतनं दिसणाऱ्या चार गुबगुबीत कोंबड्या.

"वा! खजाना तो इधर है," जवान म्हणाला. "खोल."

"सायब, पोटुशी पोरगी हाय. डाक्तरनं अंडं सांगितलंय. दोन लेकरं गेली तिची. दोन न्या, दोन ठिवा."

"तेरी बेटी का पेट है, और साहब का नहीं?"

कस्तुराबाईनं आबासाहेबाकडं पाहिलं. आबासाहेब तिच्या नवऱ्याच्या भावकीतला. सारजाच्या लग्नात जेवून गेलेला. तो जाळ्याकडं बघत होता.

"आबासाहेब, तुमी तरी सांगा."

"कस्तुराबाई," आबासाहेब म्हणाला, "कुलूप मोडायला लावू नको. चांगलं कुलूप हाय."

तिनं पदराची गाठ सोडली. कुलूप तिनं स्वतःच्या हातानं उघडलं. कोंबड्या आत एका कोपऱ्यात शहाण्यासारख्या बसल्या होत्या. जवानाला धावावं लागलं नाही. त्यानं एकेकीला शेंग तोडावी तसं उचलून पाय बांधले, कोंबड्याचेही.

ऊन कललं तेव्हा खुद्द गिरदावरसाहेब, दौऱ्यावरचा महसुली अधिकारी, बघायला आला, दात कोरत. तो कोण जातीचा, कोण धर्माचा होता हे मला विचारू नका. फुकट खाणाऱ्याला जात लागत नाही, आणि त्याच्या मागं हात जोडून उभा असलेला आबासाहेब तर आमचाच होता. साहेबानं खुराडं चारी बाजूंनी पाहिलं. पाया बुटानं ठोकून पाहिला. जाळीत बोट घालून पाहिलं.

"किसने बनाया?"

"ह्या बाईनं, हुजूर."

"औरत ने?" साहेब खरंच खुश झाला. "पटेल, हर दौरे में मुर्गी के पीछे गाँव भर दौड़ना पड़ता है. ऐसा ही एक चावडी में बनवाओ. बारह मुर्गियाँ हमेशा तैयार रहें. इसी औरत से बनवाओ, हाथ में हुनर है."

"जी हुजूर."

आयुष्यात कस्तुराबाईच्या हाताची तारीफ एवढी एकदाच झाली.

होळी झाल्यावर काम लागलं. वेठीचं. सकाळी घरचं उरकून ती चावडीवर जायची, चंद्रभान ओढ्यातनं दगड वाहायचा. दुसरी जाळी कुठनं आणणार? आबासाहेबानं तिच्याच खुराड्याची जाळी उपटून आणवली. जाळं आणवलं. कुलूपही आणवलं. घरी राहिली नुसती दगडी भिंत, कवाड नसलेली, तोंड वासून.

धुरपताबाई रोज निवडुंगात हात घालून अंडी शोधायची. कधी एक मिळायचं, कधी नाही. हाताला काटे भरलेले घेऊन यायची. तिनं कधी "मी म्हणलं न्हवतं का?" असं म्हटलं नाही. एवढं एकच सुख त्या दिवसांतलं.

"मावशी," कस्तुराबाईच एकदा म्हणाली, "तुमी मला दोन पायाचं मुंगूस नीट उलगडून कामून सांगितलं न्हाई?"

"मला वाटलं सांगितलं," म्हातारी म्हणाली. "आमाला जन्मल्यापासून ठावं आसतंय बाई. तुमा पाटीलकीच्या लोकान्ला सांगावं लागतंय, ते ध्यानात न्हाई आलं."

सारजाच्या ओठांचा रंग पंधरा दिवसांत उतरला. चैत्राच्या सुरुवातीला ती पुन्हा भिंत धरायला लागली. कस्तुराबाई चावडीच्या भिंतीला माती लावत असताना धुरपताबाई हाक मारत आली. कळा सुरू झाल्या होत्या, दिवस भरायच्या आधीच. आबासाहेब म्हणाला, "जा. पण माती भिजवलेली हाय, सांजच्याला येऊन संपव."

पोरगी झाली. रडली. मांजराच्या पिल्लाएवढा आवाज, पण रडली. सारजा दमलेली हसली आणि म्हणाली, "माय, ही रडली बघ." दूध उतरलं नाही. शेळीचं दूध बोटानं चाटवलं. दोन दिवस पोरगी चाटत राहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं चाटायचं सोडलं, आणि दुपारी चंद्रभाननं तिला फडक्यात गुंडाळून बांधावर खोल पुरलं, वर दगड रचले, कोल्ह्यानं उकरू नये असे. पाया कसा घालायचा हे आता त्या घराला चांगलं येत होतं.

अंड्यांनी ती जगली असती का? नसतीही जगली. मला माहीत नाही, डाक्तरालाही नाही. पण बघायला तर मिळायला पाहिजे होतं की नाही?

सुतक फिटायच्या आधी चावडीवरनं बोलावणं आलं. उरलेलं काम. कस्तुराबाई गेली. भिंत पुरी केली, जाळी बसवली, फरशी केली. आणि मागच्या बाजूला, बाभळीच्या ढिगाआड, पायातला एक दगड तिनं नुसता ठेवला. माती नाही, काच नाही, काटा नाही. वीतभर रुंद. मुंगसाला कितीशी वाट लागते?

बारा घरांतनं बारा कोंबड्या गोळा झाल्या. चौथ्या दिवशी मुंगूस शिरलं आणि तीन मारून गेलं. कस्तुराबाईला कळलं तेव्हा ती जात्यावर होती. महिन्याभरात पहिल्यांदा तिला त्या दिवशी घास गोड लागला.

दुसऱ्या दिवशी सटवाजी अंगणाबाहेर येऊन उभा राहिला.

"माय, बाराच्या बारा पायजेत म्हनत्यात आबासाहेब. तीन कमी पडल्या. दोन धुरपतामायच्या नेल्या. बाभळीवरनं काठीनं पाडल्या. एक माझी नेली."

कस्तुराबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"म्हातारीनं हात धरला तर जवानानं ढकलली. कुल्ल्यावर पडली, उठंना." सटवाजीनं काठी ह्या हातातनं त्या हातात घेतली. घुंगरं वाजली. तिच्याकडं न बघता तो म्हणाला, "माय, तू काय केलंस ते मला ठावं हाय. मी माग बघितला. मी कुणाला बोलनार न्हाई. पन मुंगूस सरकारचं खात न्हाई वं. आपलंच खातंय."

तो गेला. मग तिनं घमेल्यात माती कालवली, मूठभर काचा घेतल्या, बाभळीचा फास घेतला आणि भरदुपारी चावडीवर गेली. ढिगाआड वाकून तो दगड उचलला, खाली काचा भरल्या, काटे ठेचले, माती लावली, दगड पक्का बसवला आणि हातानं चाचपून पाहिला. हलला नाही. सरकारच्या कोंबड्या आता कुणी खाऊ शकणार नव्हतं, सरकारशिवाय.

आबासाहेब ओसरीवर पान लावत होता. "शाबास," तो म्हणाला. "न सांगता आलीस."

घरी आली तेव्हा ऊन उतरत होतं. सारजा उंबऱ्यावर बसली होती, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर काहीतरी होतं. तिनं ओठांवर बोट ठेवून अंगणात दाखवलं.

काबरी. निवडुंगाच्या कुडातनं बाहेर आली होती आणि तिच्या मागं पाच पिल्लं. महिनाभर कुठंतरी काट्यात बसून तिनं ती उबवली होती. बोक्याला, मुंगसाला, जवानाला, कुणालाच सापडली नव्हती. ती पिल्लांना घेऊन मोकळ्या खुराड्यापाशी आली, आत डोकावली, पायानं माती उकरली.

"माय, कण्या दे," सारजा हळूच म्हणाली. "आपल्याकडं आलीय बघ."

सारजानं स्वतःच मूठभर कण्या घेऊन हात पुढं केला. काबरी मान वाकडी करून एक पाऊल पुढं आली.

कस्तुराबाईनं सारजाच्या हातावर फटका मारला. कण्या उधळल्या. तिनं ढेकूळ उचललं आणि काबरीच्या पायाशी जोरानं हाणलं.

"हो तिकडं! ह्या अंगनात दिसलीस तर तंगडं मोडीन!"

काबरी ओरडत उडाली, पिल्लं निवडुंगात घुसली. कस्तुराबाईनं दुसरं ढेकूळ उचललं. सारजा आईकडं बघत राहिली, काही न समजून. मग तिची नजर रिकाम्या खुराड्याकडं गेली. तिनंही खाली वाकून एक ढेकूळ उचललं.